आधी उपसा, मग भरणा: डिसेंबर २०१४ मध्ये बाल्टिक समुद्रात मीठ कसं शिरलं

डिसेंबर २०१४ च्या १३ ते २५ तारखांमध्ये डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून बाल्टिक समुद्रात सुमारे १९८ घनकिलोमीटर खारं पाणी शिरलं. त्यातून आत आलेलं मीठ होतं सुमारे ४ अब्ज टन. धरणांच्या हिशेबात सांगायचं तर हे पाणी ७,००० टीएमसीच्या आसपास जातं. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा, म्हणजे तेरा दिवसांत सहासष्ट कोयना. १८८० पासूनच्या नोंदींत एवढा मोठा प्रवेश फार थोड्या वेळा झालेला आहे. या यादीत २०१४ चा क्रमांक १९१३ च्या बरोबरीने तिसरा लागतो. १९५१ चा प्रवेश अजूनही सगळ्यांत मोठा आहे.

वादळी पश्चिमी वारे आले आणि त्यांनी पाणी आत ढकललं, असं या घटनेचं कारण सहसा सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तसे वारे बाल्टिकवर जवळजवळ दर हिवाळ्यात येतात आणि मीठ मात्र येत नाही. २०१४ चा खरा खेळ नोव्हेंबरात झाला, आणि तो खेळला एका बऱ्यापैकी शांत दिसणाऱ्या उच्च दाबाच्या क्षेत्राने. हे प्रकरण मांडताना म्हणूनच वादळापेक्षा वादळाआधीच्या चार आठवड्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

भांडं आणि त्याचे उंबरठे

बाल्टिकमध्ये सुमारे २१,००० घनकिलोमीटर पाणी आहे. सतरा लाख चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून नद्या वर्षाला साधारण ४५० घनकिलोमीटर गोडं पाणी त्यात ओततात. थंड हवेमुळे बाष्पीभवन जेमतेम पावसाएवढंच होतं, त्यामुळे नद्यांचं पाणी शिल्लक राहतं आणि वरच्या थरातून डेन्मार्ककडे वाहत बाहेर पडतं. महासागराची क्षारता ३५ च्या आसपास असते, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. गॉटलंड बेटाजवळ वरच्या पाण्यात ती ७ ते ८ भरते आणि अगदी उत्तरेला बोथनियाच्या टोकाशी २ ते ३ वर येते. तिथलं पाणी तोंडात घेतलं तर खारटपणा शोधावा लागतो.

बाहेर जाण्यायेण्याच्या वाटा तीन: मोठा बेल्ट, छोटा बेल्ट आणि एरेसुंड. दोन्ही बेल्टमधून येणाऱ्या पाण्याला डार्स उंबरठा, म्हणजे समुद्रतळाचा एक उथळ उंचवटा, ओलांडावा लागतो. त्याच्यावर पाण्याची खोली १८ मीटर. एरेसुंडमधून येणाऱ्याला ड्रोग्डेनचा उंबरठा लागतो, तो जेमतेम ८ मीटरचा. एकूण देवाणघेवाणीतला सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के वाटा डार्सवरून जातो, उरलेला ड्रोग्डेनवरून. आत शिरल्यावर तळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. आधी आर्कोना खोरं, मग सुमारे १०० मीटर खोल बॉर्नहोल्म खोरं, मग ६० मीटरवर पुन्हा एक उंबरठा, त्याचं नाव स्लुप्स्क, आणि त्यापलीकडे गॉटलंडची २४९ मीटर खोल गर्ता.

मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि कोकणातल्या खाड्यांची क्षारता मुख्यतः त्याच तालावर वरखाली होते. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी काही सेंटिमीटरांचीच आहे. गोव्यातल्या खाजन शेताच्या बांधाला मानस असते. बाहेरचं पाणी चढलं की तिची दारं आपोआप मिटतात, उतरलं की उघडतात. सगळा कारभार आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर चालतो. बाल्टिकच्या तोंडाशी दार नाही, उंबरठाच आहे, पण कारभार तोच. आत-बाहेरच्या पातळीत फरक पाडायचं काम चंद्राऐवजी हवेचा दाब करतो.

दाब पाण्याला कसा हलवतो

दाबाचे हात दोन. एक सरळ वजनाचा: हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की त्याखालचं मोकळं पाणी साधारण १ सेंटिमीटर दबतं. बाल्टिकवर १०३५ आणि उत्तर समुद्रावर १००५ हेक्टोपास्कल असेल तर नुसत्या वजनामुळे ३० सेंटिमीटरचा फरक पडायला हवा. मात्र त्यासाठी पाण्याला बाहेर जायला वेळ मिळाला पाहिजे, आणि घोडं तिथेच अडतं. सामुद्रधुन्या अरुंद आणि उथळ असल्याने पातळीतला फरक आणि प्रवाह यांचं प्रमाण सरळ नाही, वर्गाचं आहे. प्रवाह दुप्पट हवा असेल तर फरक चौपट लागतो. दोन-तीन दिवसांत येऊन गेलेल्या दाबाच्या चढउताराला सबंध बाल्टिक दादच देत नाही. दोन-तीन आठवडे टिकलेला दाब मात्र त्याला जाणवतो.

दुसरा हात वाऱ्याचा, आणि तोच जास्त ताकदीचा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. त्यामुळे नकाशावर नुसता दाब पाहून वारा सांगता येतो. स्कँडिनेव्हियावर उच्च दाब आणि मध्य युरोपवर त्याहून कमी दाब असेल तर बाल्टिकच्या नैर्ऋत्य भागात पूर्वेचे वारे वाहतात. उत्तर स्कँडिनेव्हियावर कमी दाब आणि बिस्केच्या उपसागरापासून मध्य युरोपापर्यंत उच्च दाब असेल तर पश्चिमेचे.

पूर्वेचा वारा बाल्टिकचं पाणी डेन्मार्कच्या तोंडाशी जमवतो आणि पलीकडच्या काटेगाटमधलं, म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्रातलं, पाणी उत्तर समुद्राकडे खेचतो. आतली पातळी वर, बाहेरची खाली. पाणी बाहेर जातं. पश्चिमेच्या वाऱ्यात हेच उलटं होतं. उत्तर समुद्राचं पाणी काटेगाटमध्ये चढतं, बाल्टिकचं पाणी ईशान्येला फिनलंडकडे सरकतं, त्यामुळे डार्सच्या आतल्या बाजूला पातळी पडते. बाहेर भरलेलं, आत रिकामं. सामुद्रधुनीच्या दोन टोकांमध्ये असा फरक तयार झाला की पाणी आत धावतं.

घटनाक्रम

२०१४ च्या नोव्हेंबरात ७ तारखेपासून बाल्टिक रिकामा व्हायला लागला. स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या बाजूला उच्च दाब ठाण मांडून बसला होता आणि पूर्वेचे वारे खंड न पडता वाहत होते. जोरदार नव्हेत, पण चिवट. ३ डिसेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार आठवडे, निचरा चालू राहिला. स्वीडनच्या किनाऱ्यावर लँड्सोर्टला समुद्रपातळीच्या नोंदी १८८६ पासून आहेत. बाल्टिकमध्ये पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावतं तेव्हा ही जागा जवळपास त्या हेलकाव्याच्या मध्यबिंदूवर येते, म्हणून तिथली पातळी म्हणजे सबंध समुद्र किती भरलाय याचा काटा समजला जातो. हा काटा सरासरीच्या खाली जवळजवळ अर्धा मीटर गेला.

मग दाबाची मांडणी पालटली. अटलांटिकवरून येणारे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक स्कँडिनेव्हियावरून जाऊ लागले, दक्षिणेला उच्च दाब राहिला आणि पश्चिमेचे वारे धरून राहिले. ३ डिसेंबरपासून पाणी आत यायला लागलं. मात्र हे पाणी खारं नव्हतं. नोव्हेंबरात बाल्टिकने जे निमखारं पाणी बाहेर सोडलं होतं ते काटेगाटच्या वरच्या थरात आणि बेल्टमध्ये साचलेलं होतं. वारा उलटला की सगळ्यांत आधी तेच परत येतं. साधारण १२ तारखेपर्यंतचे नऊ-दहा दिवस समुद्राने स्वतःचंच पाणी परत घेण्यात घालवले.

बहुतेक वादळं नेमकी इथे कच्ची पडतात. तीन-चार दिवस जोराचा पश्चिमी वारा, मग एक विसावा, मग वारा दक्षिणेकडून. परत आलेलं निमखारं पाणी उंबरठ्यापर्यंत पोचतं आणि तिथूनच मागे फिरतं. त्यामागची खारी फळी डार्सपर्यंत येतच नाही. एरेसुंडची वाट आखूड असल्याने तिथून एक-दोन दिवसांत थोडं खारं पाणी आत येऊ शकतं, पण ८ मीटरच्या उंबरठ्यावरून येऊन येऊन किती येणार?

२०१४ मध्ये विसावा मिळाला नाही. १३ डिसेंबरच्या सुमारास डार्सवर खारी फळी आली आणि पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळा पाण्याचा स्तंभ खारा झाला. २५ तारखेपर्यंत प्रवेश चालू राहिला. तोवर लँड्सोर्टचा काटा सरासरीच्या वर जवळजवळ अर्ध्या मीटरला टेकला होता. एकूण चढ सुमारे ९५ सेंटिमीटर.

हिशेब

हा आकडा कागदावर पडताळून पाहण्यासारखा आहे. उंबरठ्यांच्या आतल्या बाल्टिकचं क्षेत्रफळ सुमारे पावणेचार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर चढली की ३.७५ घनकिलोमीटर पाणी वाढलं. ९५ सेंटिमीटरला झाले सुमारे ३५६. पण हे सगळं डेन्मार्ककडून आलेलं नाही. नद्या सरासरी १४ ते १५ हजार घनमीटर प्रतिसेकंद पाणी आणतात, ते बावीस दिवसांत सुमारे २७ घनकिलोमीटर भरतं. ते वजा केलं की सामुद्रधुन्यांतून आलेलं पाणी ३३० च्या आसपास राहतं. त्यातलं खरोखर खारं १९८. उरलेलं १३० घनकिलोमीटर म्हणजे वर सांगितलेलं परतीचं पाणी.

खाऱ्या पाण्याची सरासरी क्षारताही इथेच निघते. १९८ घनकिलोमीटर म्हणजे सुमारे २०० अब्ज टन पाणी. त्यात ४ अब्ज टन मीठ, म्हणजे किलोमागे २० ग्रॅम. महासागराच्या ३५ पेक्षा बरंच कमी, पण बाल्टिकच्या ८ च्या तुलनेत अडीचपट. आणि प्रवाह? १९८ घनकिलोमीटर तेरा दिवसांत म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेदोन लाख घनमीटर. बाल्टिकला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या बारापट.

आता या हिशेबातून नोव्हेंबर काढून टाकून पाहा. समजा काटा सरासरीवर असतानाच पश्चिमेचे वारे सुरू झाले आणि पातळी त्याच अर्ध्या मीटरवर जाऊन थांबली. आत मावेल असं पाणी १८० घनकिलोमीटर. त्यातून नद्यांचे २७ आणि परतीचे १३० वजा. हाती उरलं वीस-पंचवीस! हा हिशेब जाडाभरडा आहे. निचरा झाला नसता तर काटेगाटमध्ये परतीचं पाणीही थोडं कमी असतं. तरी मुद्दा त्यात स्पष्ट दिसतो. खाऱ्या पाण्याला आत जागा लागते, आणि ती जागा उच्च दाबाने करून दिलेली असते. गेल्या शतकभरातल्या मोठ्या प्रवेशांच्या नोंदी एकत्र लावल्या तरी हीच जोडी दिसते: वीस ते तीस दिवस पूर्वेचे वारे, आणि लगेच पाठोपाठ तेवढेच टिकाऊ पश्चिमेचे.

पश्चिमी वारे मीठ घटवतात तेव्हा

उत्तर अटलांटिकवरच्या दाबाचा एक ठोक निर्देशांक हवामानशास्त्रात वापरतात: अझोर्स बेटांजवळचा उच्च दाब आणि आइसलंडजवळचा कमी दाब यांतला फरक. फरक मोठा असला की निर्देशांक धन, आणि उत्तर युरोपवर पश्चिमी वारे जोरात. वाटेल की धन निर्देशांकाचा हिवाळा म्हणजे मिठाचा हिवाळा. प्रत्यक्षात बहुधा उलटं होतं.

कारणं दोन. सतत पश्चिमी वारे असले की बाल्टिक कायम काठोकाठ भरलेला राहतो. तो रिकामा व्हायला उसंतच मिळत नाही, मग नव्या पाण्याला जागा कुठली? दुसरं, हेच वारे पाऊस आणि बर्फ घेऊन येतात. स्कँडिनेव्हियातल्या नद्या फुगतात, गोडं पाणी वाढतं आणि बाहेर जाणारा प्रवाह आणखी जोर धरतो. जी मांडणी तीन आठवडे टिकली तर मीठ आणते, तीच सगळा हिवाळा टिकली तर क्षारता कमी करते. ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदीची सुरुवात हे याचं उदाहरण. एकापाठोपाठ एक हिवाळे धन निर्देशांकाचे गेले, आणि १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं एकही मोठा प्रवेश नोंदला गेला नाही. गॉटलंडच्या तळाची क्षारता सत्तरच्या दशकातल्या १३ वरून ११ च्या आसपास उतरली. जानेवारी १९९३ ला कोंडी फुटली, मग जानेवारी २००३, आणि मग थेट डिसेंबर २०१४.

त्यामुळे हिवाळ्याच्या सरासरी निर्देशांकाशी क्षारतेचा संबंध जोडायला गेलं की उत्तर विचित्र येतं. सरासरीत क्रम पुसला जातो. आधी उच्च दाब मग कमी दाब, आणि आधी कमी दाब मग उच्च दाब, या दोन हिवाळ्यांची सरासरी एकच निघेल, पण पहिल्यात मीठ येईल आणि दुसऱ्यात नाही. दाबाच्या माहितीवरून क्षारतेचा अंदाज बांधणाऱ्याने मासिक सरासरीवर जाऊच नये. रोजचा दाब घ्यावा आणि क्रम जपावा.

मोजायचं कसं, आणि चूक कुठे होते

एखादा प्रवेश मोठा होता की नाही हे ठरवायची जुनी कसोटी डार्स उंबरठ्यावरची आहे. तळाची क्षारता किमान १७ हवी, आणि वर-खाली फार फरक नको. पृष्ठभागाच्या क्षारतेला तळाच्या क्षारतेने भागायचं आणि ते १ मधून वजा करायचं. उत्तर ०.२ किंवा त्याहून कमी यायला हवं, आणि दोन्ही अटी सलग पाच दिवस टिकायला हव्यात. तळाला २० आणि वर १७ असेल तर उत्तर ०.१५, चालेल. तळाला २० आणि वर १० असेल तर ०.५, नाही चालणार. दुसऱ्या प्रकारात खारं पाणी फक्त तळाशी पातळ थरात सरपटत येत असतं. उन्हाळ्याच्या शेवटी, वारा पडलेला असताना, असं होतं. तेव्हा वाऱ्याचा ढकल नसतो, केवळ जड पाणी हलक्याखाली घुसतं. त्यानेही मीठ येतं, पण ते पाणी कोमट असतं, आणि खोल तळाला ऑक्सिजनही याच आत येणाऱ्या पाण्यातून मिळतो. २० क्षारतेच्या पाण्यात ५ अंशाला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, १५ अंशाला ९ च्या आत. शिवाय वाटेत तो वापरलाही जातो. म्हणून मीठ सारखंच आलं तरी डिसेंबरचा प्रवेश आणि ऑगस्टचा प्रवेश खोल तळासाठी सारखे नाहीत.

घटना घडत असताना ओळखायची असेल तर तीन नोंदी समोर ठेवाव्यात. पहिली लँड्सोर्टची पातळी, सरासरीच्या किती खाली आणि किती दिवसांपासून. दुसरी एरेसुंडच्या दोन टोकांच्या पातळीतला फरक: उत्तरेला विकेन आणि दक्षिणेला क्लाग्सहाम्न ही स्वीडिश केंद्रं त्यासाठी सोयीची आहेत. हा फरक धन राहिला की पाणी आत येतंय. तिसरी डार्सच्या मोजणी-मनोऱ्यावरची आणि आर्कोना खोऱ्यातल्या तरंगत्या बोयावरची क्षारता, वेगवेगळ्या खोलीची. ही दोन्ही ठिकाणं जर्मनीतल्या वार्नेम्युंडे इथली बाल्टिक संशोधन संस्था सांभाळते. पहिली नोंद खाली, दुसरी वर आणि तिसरी दहाएक दिवस हललेली नाही, अशी स्थिती दिसली की घाबरायचं कारण नाही. परतीचं पाणी संपायचं असतं.

चुका बहुतेक पहिल्या नोंदीत होतात. पातळी चढली म्हणजे मीठ आलं, असं धरलं जातं. वर पाहिल्याप्रमाणे चढलेल्या ९५ सेंटिमीटरांपैकी खाऱ्या पाण्याचे जेमतेम ५३ होते. क्षारतेच्या नोंदीत वेगळी अडचण. समुद्रात क्षारता थेट मोजत नाहीत. पाण्याची विद्युतवाहकता आणि तापमान मोजून ती काढतात. खारी फळी येते तेव्हा तापमानही झपाट्याने बदलतं, आणि तापमानाचा संवेदक वाहकतेच्या संवेदकापेक्षा जरा मागे पडला की आलेखात खोटे सुळे उमटतात. महिनोन् महिने पाण्यात राहिलेल्या संवेदकावर शेवाळ आणि शिंपल्यांची पिल्लं बसतात, मग वाहकता कमी दिसू लागते.

सगळ्यांत महागात पडलेली चूक मात्र यंत्राची नव्हती. १९८० नंतर मोठे प्रवेश विरळ झाले, पूर्वी जवळजवळ दर वर्षी व्हायचे, आता दहा वर्षांतून एकदा होतात, असं बराच काळ मानलं जात होतं. त्यासाठी हवामानबदलापासून नद्यांवरच्या धरणांपर्यंत कारणंही शोधली गेली. पूर्वीच्या नोंदी दीपनौकांवरून येत. उंबरठ्यांवर नांगरून ठेवलेल्या या जहाजांवरची माणसं रोज पाण्याचे नमुने काढत. दीपनौका निघून गेल्या आणि स्वयंचलित केंद्रं नीट बसेपर्यंत मधली काही वर्षं विरळ नोंदींची गेली. समुद्रशास्त्रज्ञ फोल्कर मोरहोल्झ यांनी २०१८ मध्ये समुद्रपातळी, नद्यांचं पाणी आणि क्षारता यांच्यावरून ती मालिका नव्याने जुळवली, तेव्हा मधल्या काळातले बरेच प्रवेश निसटलेले होते असं दिसलं. दीर्घकालीन घट नाही. २५ ते ३० वर्षांचा चढउतार आहे. पाहणारा निघून गेला होता, पाणी नाही.

तळापर्यंतचा प्रवास

२० क्षारतेचं पाणी घनमीटरला सुमारे १,०१५ किलो भरतं, ८ चं सुमारे १,००६. नऊ किलोचा हा फरक पुरेसा आहे. आर्कोना खोऱ्यात उतरलेलं पाणी बॉर्नहोल्मच्या बाजूने खाली घरंगळत गेलं, ते खोरं भरलं आणि ६० मीटरवरच्या स्लुप्स्क उंबरठ्यावरून पुढे सांडलं. वाटेत ते आजूबाजूचं हलकं पाणी ओढून घेत जातं, त्यामुळे पातळ होत जातं. २० ने निघालेलं पाणी गॉटलंडला पोचेपर्यंत १३-१४ वर आलेलं असतं. गर्तेच्या तळाशी आधी १२ च्या आसपास क्षारता होती, म्हणून पातळ झालेलं पाणीही जुन्याच्या खाली शिरू शकलं. २०१३ च्या शेवटापासून आलेल्या काही लहान प्रवेशांनी बॉर्नहोल्ममधलं पाणी आधीच हलवून ठेवलं होतं, त्याचाही उपयोग झाला.

मार्च २०१५ च्या सुरुवातीला नवं पाणी गॉटलंडच्या तळाला लागलं. तिथे जे सापडतं ते आकड्यांपेक्षा नाकाला आधी कळतं. वर्षानुवर्षं कोंडलेल्या खोल पाण्याची बाटली वर आणून उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो, हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन तपासायची विंक्लरची रीत जुनीच आहे. बाटलीत आधी मँगनीज क्लोराइड, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली टाकायचा, बूच लावायचं, उलटसुलट हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, आणि जितका जास्त तितका गडद. नसेल तर तपकिरी रंग धरतच नाही. मार्चनंतर या तळाच्या पाण्यात रंग धरू लागला.

बाल्टिकवर काम करणारे लोक हायड्रोजन सल्फाइड ऋण ऑक्सिजन म्हणून मांडतात: सल्फाइडचा एक रेणू म्हणजे ऑक्सिजनचे दोन रेणू देणं. ही पद्धत फार उपयोगी आहे, कारण नवं पाणी आलं की त्यातला ऑक्सिजन आधी जुनी उधारी फेडण्यात जातो. उधारी मोठी असेल तर मोठा प्रवेशही शून्यावर येऊन थांबतो. २०१४ चा थांबला नाही, शून्याच्या वर गेला.

पूर्व बाल्टिकच्या कॉड माशाला याचा फायदा व्हायला हवा होता. त्याची अंडी किमान ११ क्षारतेच्या पाण्यात तरंगतात. त्याहून गोड्या पाण्यात ती बुडून तळाच्या सल्फाइडमध्ये मरतात. सोबत लिटरमागे २ मिलिलिटर ऑक्सिजनही लागतो. या दोन्ही अटी पुऱ्या करणारं पाणी प्रवेशानंतर वाढलं, पण कॉड काही सावरला नाही. मासे लहान आणि रोड राहिले, आणि २०१९ च्या जुलैत युरोपीय संघाला तिथली कॉडची थेट मासेमारी थांबवावी लागली. मीठ ही कॉडची एक अडचण होती, एकमेव नव्हे.

ऑक्सिजनही फार टिकला नाही. पुढच्या हिवाळ्यात मध्यम आकाराचे प्रवेश झाले, तरी दोन-तीन वर्षांत गर्तेत पुन्हा सल्फाइड आलं. वरून पडणारा सेंद्रिय गाळ ऑक्सिजन खातच असतो. मीठ मात्र कुणी खात नाही, ते तळाशी राहिलं. बाल्टिकमध्ये एकूण दीडशे अब्ज टनांच्या पुढे मीठ आहे. आलेले ४ अब्ज त्याच्या अडीच टक्के. पण ते सगळं तळाला बसल्याने वरचा हलका थर आणि खालचा जड थर यांच्यातली सीमा आणखी घट्ट झाली. सीमा जितकी घट्ट, तितकी वरची हवा खाली मिसळणं अवघड. दहा वर्षांच्या त्या कोंडीत, १९९३ पर्यंत, गॉटलंडची गर्ता सल्फाइडने भरलेली होती खरी, पण मीठ घटल्याने ही सीमा सैल होऊन खोल सरकली होती, आणि ऑक्सिजनची टंचाई असलेल्या तळाचं एकूण क्षेत्रफळ त्याच सुमारास कित्येक दशकांतलं सर्वांत लहान झालं होतं.